शून्य धरणारा

सोमवार, ८

पोचलो. बस अगदी इमारतीच्या दारातच थांबते. सामान उतरवून वर पाहिलं आणि मान तशीच राहिली. कंडक्टर म्हणाला, आजोबा, जरा बाजूला होता का, मला गाडी काढायची आहे.

काय देखणी आहे. दोन मजले, रस्त्याकडे नऊ कमानी, त्यांच्याखाली ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब, तपासणीच्या दिवशी वर्गात उभ्या केलेल्या मुलांसारखे एका ओळीत. खाली पेढ्या, वर कचेऱ्या, अशी शंभरेक वर्षांपूर्वीची व्यापारी इमारत. आता खाली एक घड्याळदुरुस्तीचं दुकान तेवढं उघडं आहे. वरचा मजला रिकामा. आणि तो कोपरा. दोन रस्ते मिळतात तिथे भिंत काटकोनात न वळता गोल वळते, कुणी हलकेच पदर सारावा तशी.

काम सरळ आहे. वीस तारखेला नगरपालिकेची बैठक. तोवर इमारतीचे मोजून काढलेले नकाशे समितीच्या हातात पडले तर तिचं नाव वारसा यादीत लागेल. नाही पडले तर पाडायचा ठराव टाइप होऊन तयार आहे. समितीच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, स्वतः किल्ली घेऊन आल्या होत्या. वर मागच्या बाजूची एक खोली मला राहायला झाडून ठेवली आहे. मी चाळीस वर्षं बांधकाम खात्यात आरेखक होतो. हजारभर नकाशे काढले, खाली सही साहेबांची. या नकाशावर माझं नाव येणार आहे. बाहत्तराव्या वर्षी का होईना.

ठकीला फोन केला. लेकीचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण घरात ते कुणी वापरत नाही. म्हणाली, बाबा, शिडीवर चढायचं नाही, आणि वीस तारखेला मी स्वतः न्यायला येते, कारणं सांगायची नाहीत.

मंगळवार, ९

वरच्या मजल्यावर सहा खोल्या एकामागे एक, आणि सगळ्यांची दारं एका रेषेत. या टोकाच्या गोल खोलीत उभं राहिलं की त्या टोकाची खिडकी दिसते, टपालतिकिटाएवढी. बांधणाऱ्याला कवितेची जाण असणार. यमक जुळावं तशी दारं जुळली आहेत.

मापाला खरं तर दोन माणसं लागतात. एक जण टेपचं शून्याचं टोक भिंतीला धरतो आणि "धरलं" म्हणतो. दुसरा टेप ताणतो, आकडा वाचतो, वहीत लिहितो आणि मग "सोड" म्हणतो. ते ऐकल्याशिवाय शून्य हलवायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. सोड म्हणायचा हक्क वाचणाऱ्याचाच. तिसऱ्या कुणी म्हटलं तर ऐकायचं नाही. समितीजवळ माणूस लावायला पैसे नाहीत, म्हणून मी गोल खोलीच्या भिंतीत एक खिळा ठोकला, टेपचं पितळी टोक त्यात अडकवलं आणि तिथूनच सगळी मापं घेतोय. एकाच शून्यापासून मोजलं की चुका साचत नाहीत.

दिवसभरात तीन खोल्या झाल्या. खिडकीशी बसून शाळेतल्या कविता म्हटल्या. अजून सगळ्या पाठ आहेत, चालीसकट.

बुधवार, १०

घड्याळवाला मला मास्तर म्हणतो. मी कधी शिकवलेलं नाही, पण वरून कविता ऐकू येतात म्हणे. साठीचा आहे, भिंग डोळ्याला लावूनच बोलतो, त्यामुळे तो आपल्याकडे बघतोय की आपल्यातला बिघाड शोधतोय ते कळत नाही. दुकान बरोबर गोल खोलीच्या खाली. कोपऱ्याच्या भिंतीवर लंबकाची अकरा घड्याळं, सगळी एका ठेक्यात. म्हणाला, मास्तर, तुमच्या कवितांपेक्षा माझी पोरं बरी, एक मात्रा चुकत नाहीत.

मी त्याला आमच्या गुरुजींची गोष्ट सांगितली. एकदा त्यांनी मला कविता म्हणायला उभं केलं, मध्येच त्यांना कुणी बोलवायला आलं आणि ते गेले. "बस" म्हणायचे राहिले. मी शाळा सुटेपर्यंत उभा होतो. बाकीचे हसत होते. मला बसता येत होतं, पण बसावंसं वाटलं नाही. घड्याळवाल्याने भिंग काढून माझ्याकडे पाहिलं.

ठकी माझ्यावरच गेली आहे. सहा वर्षांची असताना घर मोजताना तिनं हट्टानं शून्य धरलं. दारात पाहुणे आले, मी बोलत बसलो, तासाभराने आत गेलो तर पोर कोपऱ्यात टेप धरून तशीच. म्हणाली, तुम्ही सोड कुठे म्हणालात.

शुक्रवार, १२

समोरची बाजू मोजून झाली. एक्याऐंशी फूट चार इंच. दोनदा ताडून पाहिलं, पाव इंचाचा फरक नाही. एकट्यानं, खिळ्यावर अडकवून, एवढं नेमकं माप मी आयुष्यात घेतलेलं नाही. टेप एकदाही सुटला नाही, एकदाही सैल पडला नाही.

समितीच्या बाईंनी मूळ नकाशाची प्रत आणून दिली. गंमत अशी की त्यात कोपरा काटकोनात आहे. सरळ, साधा, कोणत्याही इमारतीला असतो तसा. गोलाईचा पत्ताच नाही. बाई म्हणाल्या, मनात आलं असेल बांधताना. मला तसं वाटत नाही. पाया काटकोनात घेऊन वर भिंत गोल नेणं ही मनात येण्यासारखी गोष्ट नव्हे. त्याला कारण लागतं.

गोल खोलीत भिंतीवर छातीच्या उंचीला गिलाव्यात एक खळगा आहे. अंगठ्याएवढा, गुळगुळीत. पायरी झिजते तसा झिजलेला.

शनिवार, १३

आज टेप गुंडाळायला गोल खोलीत गेलो, तर खिळा जमिनीवर पडलेला. वाकडा. उचलला, तर खाली फरशीवर त्याच्या आकाराची स्वच्छ रेघ, भोवती धूळ. म्हणजे तो आजचा पडलेला नाही. तीन दिवसांचा तरी असेल.

आणि या तीन दिवसांतही मी मापं घेत होतोच.

टेपचं पितळी टोक खळग्याजवळ भिंतीला टेकलेलं होतं. मी पाहिलं तेव्हाही. मग हळूच खाली आलं. घाईनं पडलं नाही, कुणी काळजीनं ठेवावं तसं आलं. हातात घेतलं तर कोमट.

दुपारचे साडेबारा. रस्त्यावर बसची वाट बघणारी माणसं कमानीखाली सावलीला उभी, कुणी हसतंय, कुणाचं मूल रडतंय. इतक्या उजेडात माणसाला भीती वाटायला नको.

रविवार, १४

घड्याळवाल्याला विचारलं. आधी टाळलं, मग हातातलं काम बाजूला ठेवून सांगितलं. त्याच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे म्हणे.

इमारतीची आखणी चालली होती. मोजणी करणारा मुख्य मिस्त्री कडक माणूस. त्याचा शून्य धरणारा एक वयस्क गृहस्थ, तीस वर्षं त्याच्याच हाताखाली. भर दुपारी मिस्त्रीनं त्या टोकाला टेप ताणला आणि आकडा वाचता वाचता उन्हानं कोसळला तो उठलाच नाही. सगळे तिकडे धावले. संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं की शून्य धरणारा कोपऱ्यात तसाच उभा आहे. समजावलं, ओढलं. तो म्हणाला, त्यांनी अजून सोड म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीही आला. रोज यायचा. कोपऱ्यात हात धरून उभा राहायचा आणि तिन्हीसांजेला घरी जायचा. दुसरा मिस्त्री आला, भिंती चढल्या, पण त्याला हलवायची कुणाची छाती झाली नाही. गवंड्यांनी त्याच्या भोवतीनं भिंत वळवली. वरचा मजला आला तसा तोही वर येऊन उभा राहू लागला. मग एक दिवस त्याच्या घरचे विचारत आले, दोन दिवस परतला नाही म्हणून. कोपऱ्यात कुणी नव्हतं. गिलावा ओला होता.

एवढं सांगून घड्याळवाल्यानं भिंग परत लावलं. म्हणाला, मास्तर, आजोबा थापाडेही होते, एवढं लक्षात ठेवा.

सोमवार, १५

आज त्या टोकाच्या खिडकीशी उभा राहून टेप हातात घेतला. शून्याचं टोक गोल खोलीत जमिनीवर ठेवून आलो होतो. अडकवलं नव्हतं. मी हलकेच म्हटलं, "धरलं का?"

टेप जमिनीवरून उचलला गेला. सहाही दारांतून सरळ, छातीएवढ्या उंचीवर. ताण आला. चांगल्या माणसाचा ताण, हिसका नाही. दारांच्या त्या रांगेच्या शेवटी कुणी दिसलं नाही. पण टेप भिंतीत शिरावा तसा त्या खळग्याला भिडला होता.

मला भीती वाटली नाही, हे लिहून ठेवतो. मला गुरुजींचा वर्ग आठवला. बाक, फळा, सुटलेली शाळा, आणि उभं राहिलेलं एक पोर. शंभर वर्षं. कुणी एक शब्द बोललं असतं तर.

मी आकडा वाचला. एक्याऐंशी फूट चार इंच. मोठ्यानं, अगदी कविता म्हणावी तसा. मग म्हटलं, "सोड."

मग टेप सैल पडला आणि सगळ्या खोल्यांमधून एक वारा माझ्या अंगावरून निघून गेला, जिन्यानं खाली, रस्त्यावर. मी खिडकीशी बसून रडलो. आयुष्यात एवढं चांगलं काम केलं नव्हतं.

मंगळवार, १६

घड्याळवाला सकाळीच वर आला. अकरापैकी सात घड्याळं बंद पडली. लंबकाचं घड्याळ जरा कललं तरी थांबतं. म्हणजे भिंत कलली आहे. त्यानं ओळंबा लावून दाखवला. मास्तर, माझ्या भिंतीला काय केलंत, असं हसून म्हणाला, पण ओळंबा भिंतीवरून काढेना.

समोरची बाजू परत मोजली. एक्याऐंशी फूट साडेचार इंच. दुपारी पुन्हा मोजली, तर पाच इंच.

गोल खोलीत खळग्यापासून खाली एक तडा गेला आहे, केसाएवढा. काल नव्हता.

बुधवार, १७

तडा बोटाएवढा. अकराही घड्याळं बंद. छपराखालच्या कंगणीचा, त्या नक्षीदार पट्टीचा, एक तुकडा कमानीखाली पडला, बसची वाट बघणाऱ्या एका बाईच्या पिशवीवर. ती वर बघून शिव्या देत गेली.

समितीच्या बाईंकडे धावलो. त्या पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, तड्याचं कुणाला कळलं तर वीस तारखेची वाट बघणार नाहीत, उद्या पाडतील. तीन दिवस कसंही करून धरून ठेवा.

परत आल्यावर तडा चाचपत होतो. अंगठा खळग्यात गेला. नेमका बसला. आणि खालून आवाज आला — टिक, टिक, टिक — एकेक करत अकराही. घड्याळवाला आनंदानं ओरडला. मी अंगठा काढला. बंद. ठेवला. सुरू.

आता कळलं मी काय केलंय. सोड म्हणायचा हक्क वाचणाऱ्याचा. तो मिस्त्री त्या टोकाला अजून वाचतोय. मी तिसरा होतो. चाळीस वर्षं हा नियम दुसऱ्यांना शिकवला आणि तोच मोडला. त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला वाटलं, आवाज मिस्त्रीचाच. तो गेला. शून्य रिकामं आहे. तो भुतासारखा उभा नव्हता तिथे. त्याच्यावर इमारत उभी होती.

गुरुवार, १८

सकाळी आठपासून उभा. डाव्या हाताचा अंगठा खळग्यात, पितळी टोक त्याच्याखाली. उजव्या हातानं वही खिडकीच्या कठड्यावर ठेवून लिहितो. तडा थांबला आहे. एवढ्याचसाठी लिहितो, की कुणी म्हणू नये अंगठा अडकला. अंगठा निघतो. मीच काढत नाही.

दुपारी पाण्यासाठी गेलो. मोजून चार मिनिटं. कमानीचा दगड निखळला, घड्याळवाल्याच्या खांद्याला घासून गेला. शर्ट रक्तानं भिजला. त्याला म्हटलं, दुकान सोडा. तो म्हणाला, चाळीस वर्षं बसलोय, आता काय सोडायचं, आणि मास्तर, तुम्ही वर आहात तोवर घड्याळं चालू आहेत की.

खाली माणसं सावलीला उभी. ओरडलो, दूर व्हा. त्यांनी वर पाहिलं, हात हलवला, हसले. म्हातारा कविता म्हणतोय असं वाटलं असेल.

शुक्रवार, १९

बसता येत नाही. बसलो तर हात खाली येतो. बाई येऊन नकाशे घेऊन गेल्या. खाली माझं नाव लिहिलं त्यांनी, नीट, वळणदार. वाचायला चष्मा नव्हता.

बारा वाजता टेप हलला.

त्या टोकाकडून. मी कुठेही ताणलेला नव्हता, गुंडाळी पलीकडच्या खिडकीशी पडली होती. ती कुणीतरी उचलली. टेप ताठ झाला. हिसका बसला, कडक माणसाचा. खात्री करून घेतल्यासारखा. दारांच्या रांगेत सगळा उजेड, आणि शेवटच्या खिडकीत उजेड नाही.

मी म्हटलं, "धरलं." तोंडातून गेलंच. सवय.

तो वाचतोय. अजून वाचतोय. मी वाट बघतो —

शनिवार, २०

उजाडलं. पाय नाहीत असं वाटतं. गुरुजी गेले तेव्हा शाळा सुटायची घंटा तरी झाली होती.

आवाज बसला. ओरडून ओरडून. खाली दहा-बारा माणसं. एक बाई, कडेवर मूल.

अंगठ्याजवळचा गिलावा ओला आहे. कोपऱ्यात कुणी ओला केला — वर नखापर्यंत आला —

बस थांबली. ठकीचा आवाज. घड्याळवाल्याला विचारतेय, बाबा वर आहेत का. तो म्हणतो, जा की, मास्तर कुठे जाणार.

बोलता येत नाही म्हणून लिहितो. वही पुढे करीन. ठकी, आधी हे वाच. कशाला हात लावू नकोस. खाली जा. घड्याळवाल्याला ओढून बाहेर काढ. माणसं दूर कर, रस्त्यापलीकडे. मग खालून हात हलव, मी सोडतो. मी सोडीन. बैठकीचं जाऊ दे. इमारतीचं जाऊ दे. पण तू वर —

चौदा पायऱ्या आहेत. मीच मोजल्या. सहा. सात.

तिनं धरलं तर ती सोडणार नाही. ती कधीच —

बारा.

दारात आहे. वही पुढे केली. ती वाचत नाही. माझ्या हाताकडे बघतेय, टेपकडे, आणि हसतेय, सहा वर्षांची असताना हसायची तसंच. म्हणतेय, बाबा, किती थकलात, द्या इकडे, मी —